नवी सुई घालूनही टाका परत सुटतोय? किती वेळाने सुटतो ते आधी बघा

मशीन टाके सोडायला लागलं की बहुतेक घरांत एकच क्रम चालतो. आधी वरचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, फिरवायचा, मग बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीचा, बारीक स्क्रू, मग तेल, आणि तरीही जमलं नाही की मेकॅनिकला फोन. मेकॅनिक येतो, साफसफाई करतो, जाताना नवी सुई बसवून देतो. मशीन छान चालतं. काही दिवसांनी एखाद्या ब्लाउजच्या बाहीवर पुन्हा तसाच सुटलेला टाका दिसतो, आणि घरात बोलणं सुरू होतं की मशीनच आता म्हातारं झालं.

मी ठाण्याजवळ कळव्यात शिवणक्लास घेते. शिकून गेलेल्या मुलींचे आणि बायकांचे फोन येतात, त्यांत हा प्रश्न वर्षभर असतो. जून तोंडावर आला की जास्तच, कारण तेव्हा घरोघरी शाळेच्या युनिफॉर्मचं काम असतं. "ताई, सर्व्हिसिंगला महिनाही झाला नाही, परत टाके सोडतंय." मी विचारते, सुई कधी बदललीस? उत्तर बहुतेक वेळा एकच: "तुटलीच नाहीये की."

सुई तुटण्याच्या कितीतरी आधी संपलेली असते. सर्व्हिसिंगनंतर मशीन सुधारलं, त्यातलं किती श्रेय साफसफाईचं आणि किती त्या जाता जाता बसवलेल्या सुईचं, हे कुणी बघतच नाही. म्हणून दुखणं परत आलं की ते नवीन वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे की सुई बदलणं हा उपाय तर आहेच, पण ती मशीनची तपासणीही आहे. नवी सुई घातल्यावर त्रास गेला का, आणि गेला असेल तर किती वेळाने परत आला, यावरून दोष कुठे आहे ते बऱ्यापैकी नेमकं कळतं. त्यासाठी मशीनचं डोकं रिक्षात घालून दुकानात न्यायची गरज नाही.

सुई संपते म्हणजे काय होतं

हातशिलाईच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं पुढच्या टोकाजवळ. सुई दोरा घेऊन कापडाखाली जाते आणि परत वर यायला लागते. साधारण दोन मिलिमीटर वर आली की तिच्या एका बाजूला दोऱ्याचा छोटा फास फुगतो. त्याच क्षणी शटलचं, म्हणजे खाली बॉबिनभोवती फिरणाऱ्या आकड्याचं, अणकुचीदार टोक सुईला जवळजवळ चाटून जातं आणि तो फास उचलतं. सुईला नेढ्याच्या जरा वर जी खोलगट जागा दिलेली असते, ती शटलला इतक्या जवळून जाता यावं म्हणूनच असते. दोघांमधलं अंतर कागदाच्या जाडीएवढंच. सुई केसभर वाकली तरी शटल फासाच्या बाजूने निघून जातं, फास हुकतो, आणि तुम्हाला वर एक लांब, सैल टाका दिसतो. टेन्शनचा स्क्रू कितीही फिरवला तरी हुकलेला फास सापडत नाही.

सुई तीन ठिकाणी झिजते किंवा बिघडते, आणि तिन्हींची लक्षणं वेगवेगळी.

टोक बोथट झालं की मशीनचा आवाज बदलतो. नेहमीच्या मऊ टिकटिकीच्या जागी प्रत्येक टाक्याला ठक्‌ ठक्‌ असा ठोका ऐकू येतो, कारण सुई कापडात शिरण्याऐवजी त्याला धडक देऊन वाट करते. घट्ट विणीच्या टेरिकॉटवर हा आवाज चटकन कळतो. सॅटिन आणि टाफेटावर आवाजाच्या आधी खुणा दिसतात: टिपेच्या दोन्ही बाजूंना कापडाचे धागे ओढले जातात आणि बारीक आडव्या रेषा उमटतात. पातळ कापडावर शिवण गोळा होते, इस्त्री केली तरी चुण्या जात नाहीत.

सुई वाकली की टाके सुटतात, मुख्यतः जाड जोडावर. टीप सरळ धरूनही किंचित नागमोडी जाते. कधी सुई प्लेटच्या (कापडाखालच्या धातूच्या पट्टीच्या) भोकाच्या कडेला घासल्याचा धातूचा आवाज येतो. हा आवाज आला की तिथेच थांबा. पुढचा टाका सुई मोडण्याचा असू शकतो.

नेढ्याची कड खरखरीत झाली की दोरा पिंजतो. सुईजवळ कापसासारखं तूस जमतं आणि मग दोरा तुटतो. दोरा तुटला की सगळे दोऱ्याच्या रिळाला दोष देतात. जुना, कुबट दोरा खरंच तुटतो. पण तोच दोरा हाताने ओढून बघा. हातात दणकट लागतोय आणि मशीनमध्ये मात्र दर वीत-दोन वीत शिवल्यावर सुईपाशीच तुटतोय, तर नेढं बघायला हवं.

बघायचं कसं

मोटर लावली असेल तर आधी बटण बंद करा. प्लेटच्या भोकावर कागदाचा कपटा ठेवा म्हणजे सुई आत पडणार नाही. सुई काढा आणि टोक अंगठ्याच्या नखावरून तिरकं, अगदी हलकं ओढा. नखावर ओरखडा उमटला किंवा टोक अडखळल्यासारखं वाटलं तर टोकाला बारीक आकडा आला आहे. चांगली सुई नखावरून गुळगुळीत सरकते. दुसरी पद्धत म्हणजे जुन्या नायलॉनच्या मोज्यातून टोक आत-बाहेर करणं. मोज्याचा धागा अडकून वर आला की सुई बाद.

वाक बघायला सुईची चपटी बाजू आरशावर ठेवा आणि डोळे काचेच्या पातळीवर आणून बघा. सुई आणि तिचं प्रतिबिंब यांच्यामधली फट टोकापर्यंत एकसारखी दिसली पाहिजे. टोकाकडे फट वाढत किंवा कमी होत गेली तर सुई वाकली आहे. गोल दांड्याची सुई असेल तर काचेवर घरंगळवा, वाकलेल्या सुईचं टोक डगडगतं. नेढ्यासाठी वीतभर दोरा ओवून नेढ्याच्या कडांवर मागे-पुढे घासायचा. तूस निघालं की कळलं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून बघितलं तर टोकाचा चपटेपणा आणि उडालेला मुलामा बऱ्याचदा स्पष्ट दिसतो. चाळिशीच्या पुढच्या बायकांना मी हीच पद्धत सांगते.

एक मात्र आहे. या सगळ्या परीक्षांत पास झालेली सुईसुद्धा कधी कधी टाके सोडते, कारण डोळ्याला न दिसणारा वाकही पुरेसा असतो. म्हणून डबीत एक कोरी सुई फक्त तपासणीसाठी वेगळी ठेवा, तुम्ही नेहमी वापरता त्याच नंबरची आणि त्याच जातीची. शंका आली की ती बसवायची, ज्या कापडावर त्रास होतोय त्याच कापडाच्या दुहेरी तुकड्यावर हातभर टीप मारायची, वर एका रंगाचा दोरा आणि बॉबिनमध्ये दुसऱ्या रंगाचा. जुन्या सुईची टीप शेजारी असू द्या. दोन ओळी शेजारी ठेवल्या की वेगळं काही विचारावं लागत नाही.

त्रास बऱ्याच दिवसांनी परत येतो

कोऱ्या सुईने मशीन सुधारलं आणि भरपूर काम झाल्यावर परत बिघडलं, तर आनंद माना. मशीनला काहीही झालेलं नाही. सुई तिच्या आयुष्याएवढी चालली, इतकंच.

हे आयुष्य किती? घरगुती मशीनच्या साध्या सुईसाठी सर्वसाधारणपणे सांगितला जाणारा आकडा आठ तासांचा आहे. ऐकून बायका दचकतात, कारण आठ तास म्हणजे एक दिवस असं त्यांना वाटतं. तसं नाही. हे आठ तास मशीन प्रत्यक्ष चालण्याचे. मापं घेणं, कापणं, इस्त्री, उसवणं, गिऱ्हाइकाशी बोलणं यात सुई हलत नाही. पण चालते तेव्हा ती काय करते याचा हिशेब करून बघा. मिनिटाला ६०० टाके धरले तर तासाला ३६,००० आणि आठ तासांत २,८८,०००. अडीच मिलिमीटरचा टाका असेल तर ही ७२० मीटर शिवण झाली. म्हणजे २,८८,००० वेळा ते टोक कापडात शिरलं आणि बाहेर आलं.

आठ तास हा नियम नाही, अंदाज आहे. मलमल आणि कॉटनवर सुई याहून जास्त चालते. टेरिकॉट, डेनिम, जरीचे काठ यांवर कमी. टायटॅनियमचा मुलामा असलेल्या सुया जास्त टिकतात, पण वाकायचं त्यांनाही चुकत नाही. रोज दुकान चालवणाऱ्यांनी आठवड्याचा एक वार ठरवून घ्यावा. घरच्यापुरतं शिवणाऱ्यांनी प्रत्येक मोठं काम नव्या सुईने सुरू करावं, म्हणजे दिवाळीचे कपडे, लग्नाचे ब्लाउज, दोन-चार युनिफॉर्म. सुई बदलली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेपुढे नंबर लिहायचा. ही सवय क्लासमध्ये मी पहिल्या आठवड्यापासून लावते, कारण सुई कधी बदलली हे कुणाच्याही लक्षात राहत नाही.

त्रास एक-दोन कपड्यांतच परत येतो

हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. नवी सुई घातली, एक ब्लाउज नीट झाला, दुसऱ्यावर टाके सुटले. लोक म्हणतात सुया हल्ली खराबच येतात. कधी कधी येतातही. पण सलग दोन-तीन सुया लवकर गेल्या तर त्यांना मारणारं काहीतरी मशीनमध्ये किंवा तुमच्या हातात आहे.

आधी हात बघू. शिवताना मागून कापड ओढता का? मशीनचे दाते कापड पुढे नेतात, ते काम त्यांचंच आहे. आपण ओढलं की सुई कापडात असतानाच मागे झुकते आणि प्लेटच्या कडेवर आपटते. घाईत असलेली प्रत्येक बाई हे करते, विशेषतः युनिफॉर्मच्या पँटच्या जाड जोडावर, जिथे कापड अडतं. अडलं की ओढायचं नाही. मोटर सोडून द्यायची आणि चाक हाताने फिरवून ते तीन-चार टाके घ्यायचे. जोडाची उंची फार असेल तर प्रेशर फूटच्या, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या, मागे त्याच जाडीची कापडाची घडी ठेवायची म्हणजे फूट सपाट राहतं. उल्हासनगरची जीन्स लांबी कमी करायला येते तेव्हा आतल्या-बाहेरच्या शिवणीच्या दुमडीत कापडाचे कितीतरी थर एकत्र येतात. तिथे मी आधी हातोडीने जोड चेपून घेते. थर दबतात आणि सुई वाचते.

टाचण्या. टाचणीवरून मशीन नेता येतं असं समजणाऱ्या पुष्कळ आहेत. दहा वेळा सुई टाचणीच्या शेजारून जाते, अकराव्या वेळी तिच्यावर पडते. तुटत नाही, म्हणून काही झालं नाही असं वाटतं. टोकाला आकडा मात्र तिथेच येतो. टाचणी सुईजवळ आली की काढायची, यात दुसरा मार्ग नाही. कच्चा टाका घालायचा कंटाळा नसेल तर तो उत्तम.

जरीचे काठ, टिकल्या, आरसे, खडे. ठाण्याच्या राम मारुती रोडवरून आणलेल्या तयार वर्कच्या ब्लाउजपीसवर शिवणीच्या रेषेत टिकल्या असतात. शिवणीच्या जागेतल्या टिकल्या आधी काढून टाका आणि सुटलेला दोरा गाठ मारून बंद करा, मगच टीप मारा. पैठणीच्या काठाला पर्याय नाही, जर धातूची असेल तर टोक लवकर जाणारच. अशा कामाला सुरुवातीलाच कोरी सुई घाला आणि काम संपल्यावर ती साध्या कॉटनसाठी ठेवा किंवा टाकून द्या. महागड्या पैठणीवर अर्धी झिजलेली सुई चालवण्यात मला कधीच शहाणपणा वाटलेला नाही. ओढला गेलेला रेशमाचा धागा परत जागेवर बसत नाही.

पेस्टिंग. गळ्याला आणि पट्टीला गोंदाचं पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं कडक अस्तर, लावलं की सुई गरम होऊन गोंद नेढ्याजवळ चिकटतो, दोरा अडखळतो आणि टाके सुटतात. हे झिजणं नव्हे. सुई काढून स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसली की बऱ्याचदा पूर्ववत होते. इस्त्री केल्यावर पेस्टिंग पूर्ण गार होऊ द्या, मग शिवा, म्हणजे गोंद कमी लागतो. चिकट टेपवरून शिवणाऱ्यांनाही हाच त्रास होतो.

कागद. क्लासमध्ये नवीन मुली सरळ टीप मारायचा सराव वहीच्या कागदावर, दोरा न ओवता करतात. पद्धत चांगली आहे, पण कागदाने टोक पटकन बोथट होतं. सरावाची सुई वेगळी ठेवा, तिच्या दांड्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावा आणि तिने कापड कधीही शिवू नका.

हात निर्दोष निघाले तर मशीनकडे वळा. चाक हाताने हळू फिरवत सुई खाली आणा आणि ती प्लेटच्या भोकाच्या मध्यावर उतरते का ते नीट प्रकाशात बघा. कडेला चिकटून उतरत असेल तर प्रेशर फूटचा स्क्रू ढिला आहे का, प्लेट सरकली आहे का ते तपासा. आधी कधी सुई मोडली असेल तर भोकाच्या कडेला ओरखडा किंवा काटा राहिलेला असतो. कान साफ करायच्या काडीचा कापूस भोकाच्या कडेने फिरवा. जिथे तंतू अडकतो तिथे काटा आहे. तोच काटा दोरा पिंजतो, आणि आपण सुयांवर सुया बदलत बसतो. बारीक काटा अगदी बारीक पॉलिश पेपरने घासून जातो, मोठा असेल तर प्लेट बदलणं बरं.

नवी सुई घातली तरी काहीच फरक नाही

मग सुई झिजलेली नव्हती, किंवा नवी सुई चुकीची आहे, किंवा चुकीची बसली आहे. शेवटची शक्यता आधी तपासा, कारण ती फुकट सुधारते. सुई मशीनच्या, सुई धरणाऱ्या दांड्यात पूर्ण वरपर्यंत ढकलली गेली पाहिजे, अडेपर्यंत. जराशी खाली राहिली तरी शटलची वेळ चुकते. स्क्रू आवळताना सुई हळूच खाली घसरते, म्हणून एका हाताने वर दाबून धरा. झिगझॅगवाल्या, पुढून बॉबिन घालायच्या मशीनमध्ये चपटी बाजू मागे जाते. काळ्या साध्या मशीनमध्ये ती कुठल्या बाजूला ते मशीननुसार ठरतं. तिथे लक्षात ठेवायची खूण अशी: सुईच्या ज्या बाजूला लांबच लांब खाच आहे त्या बाजूने दोरा आत जातो, आणि खोलगट बाजू शटलकडे असते. कारखान्यातल्या जॅक किंवा ज्यूकीसारख्या सरळ टिपेच्या मशीनवर सुईचा दांडा गोल असतो, तिथे लांब खाच डावीकडे आणि खोलगट भाग बरोबर उजवीकडे यावा लागतो. थोडा तिरका राहिला तरी टाके सुटतात.

मग सुईची जात. घरगुती मशीनला चपट्या दांड्याची एचए×१ सुई लागते, तिलाच १५×१ किंवा १३०/७०५ एच असंही पाकिटावर लिहिलेलं असतं. कारखान्याच्या मशीनची गोल दांड्याची डीबी×१ ही वेगळी. तिचा दांडा जेमतेम १.६ मिलिमीटरचा, घरगुतीचा सुमारे दोन मिलिमीटरचा. गोल सुई घरगुती मशीनच्या स्क्रूखाली आवळली जाते, पण कुठेही फिरते आणि नीट टेकत नाही. सुट्या सुया घेताना ही गल्लत फार होते. ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात किंवा तुमच्या सेक्टरच्या दुकानात जाताना जुनी सुई सोबत न्या आणि दोन्ही शेजारी धरून लांबी, दांडा, नेढ्याची जागा बघून घ्या. दांड्यावर नंबर कोरलेला असतो. तो वाचता न येण्याइतका पुसट असेल किंवा नेढ्याच्या कडेला हात लावताच खरखर जाणवली तर ती सुई घेऊ नका.

वर लूप येत नाहीत, टाके सुटत नाहीत, पण कापडाच्या खाली दोऱ्याचं जाळं होतंय, तर सुईला सोडून द्या. वरचा दोरा पुन्हा ओवा, प्रेशर फूट वर उचलून. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये बसत नाही. खालचा गुंता म्हणजे बॉबिनचा दोष हा समज घट्ट आहे, पण बहुतेक वेळा गुन्हेगार वरचा दोरा असतो.

एकाच कापडावर त्रास होतो

लेगिंग, टी-शर्ट, होजिअरी, लायक्रा यांवर साधी सुई कोरी असली तरी टाके सोडते. लवचीक कापड सुईला चिकटून तिच्यासोबत वर उचललं जातं आणि फास फुगतच नाही. त्यासाठी बॉल पॉइंट सुई असते, टोक गोलसर. ती विणीच्या फासांमधून वाट काढते, धागा कापत नाही. जास्त ताणणाऱ्या लायक्रासाठी स्ट्रेच म्हणून वेगळी मिळते. धारदार सुईने शिवलेली होजिअरी पहिल्या धुण्यापर्यंत छान दिसते, नंतर टिपेच्या बाजूने बारीक भोकं पडत जातात. गिऱ्हाईक कापडाला नावं ठेवतं, पण चूक सुईची असते. उलट बॉल पॉइंटने रेशमी ब्लाउज शिवला तर टीप वाकडीतिकडी दिसते. चामड्याची पात्यासारखी टोकदार सुई कापडाला कधीच लावू नका, ती धागे कापते.

नंबराचं गणित सोपं आहे. ९०/१४ मधला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९ मिलिमीटर, १४ हा त्याच मापाचा जुना नंबर, जो आपल्या दुकानांत बोलला जातो. जॉर्जेट, शिफॉन, पातळ रेशमाला ९ किंवा ११. कॉटनचा ब्लाउज आणि अस्तर यांना ११, फार तर १४. युनिफॉर्मच्या टेरिकॉटला १४. जीन्सला १६, आणि फार जाड दुमडीला किंवा रेक्झिनला १८. पातळ कापडात जाड सुई घातली की भोकं दिसतात. जाड कापडात बारीक सुई घातली की ती झुकते, प्लेटवर आदळते आणि मोडते. १४ नंबर सगळ्याला चालतो म्हणून वर्षभर तोच ठेवणाऱ्यांच्या जॉर्जेटवर चुण्या पडतात, आणि त्या टेन्शन फिरवून जात नाहीत.

दोराही सुईला जुळला पाहिजे. वीत-दीड वीत दोरा सुईत ओवून ताणून तिरका धरा. सुई आपसूक खाली घसरली तर जोडी जमली. अडकून राहिली तर दोरा त्या नेढ्याला जाड आहे. एम्ब्रॉयडरीच्या चमकदार आणि जरीच्या दोऱ्याला म्हणूनच मोठ्या नेढ्याची वेगळी सुई लागते.

पावसाळ्यात

खाडीकाठच्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये पाकीट उघडून ठेवलेल्या सुयांवर गंज येतो. मुलामा जिथे उडाला असेल तिथे आधी. गंजकी सुई पांढऱ्या शर्टावर टिपेसोबत तांबूस ठिपके सोडते आणि ते धुण्याने जात नाहीत. सुया घट्ट झाकणाच्या डबीत, औषधांच्या बाटलीत येते तशा ओलावा शोषणाऱ्या पुडीसोबत ठेवा. गंज घासून सुई परत वापरू नका. घासलेला भाग दोरा कापतो.

मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे जुळवून बघा. तयार कपड्यांच्या कारखान्यांत सगळे तुकडे परत दिल्याशिवाय नवी सुई मिळत नाही, आणि तान्ह्या बाळाच्या झबल्याच्या बाबतीत घरातही हाच नियम हवा. जुन्या सुया झाकणाच्या बाटलीत साठवा, सुट्या कचऱ्यात टाकू नका. कचरा वेगळा करणाऱ्या माणसाच्या हाताला त्या लागतात.

मेकॅनिकला कधी बोलवायचं

योग्य जातीची, योग्य नंबरची कोरी सुई बरोबर बसली आहे, दोरा फूट उचलून पुन्हा ओवला आहे, दात्यांखालचं आणि बॉबिनच्या जागेतलं तूस ब्रशने काढलं आहे, आणि साध्या दुहेरी कॉटनवरसुद्धा टाके सुटत आहेत, तर शटलची वेळ हुकली असण्याची किंवा शटलचं टोक झिजल्याची शक्यता मोठी. जाड कापडात सुई जोरात मोडल्यानंतर हे बऱ्याचदा होतं. तेव्हा फोन कराच. स्वतः शटल खोलून वेळ जुळवायचा प्रयत्न करू नका.

मेकॅनिक आला की त्याला "मशीन टाके सोडतंय" एवढंच सांगू नका. टाके सुटलेला तुकडा, काढलेली जुनी सुई आणि कॅलेंडरवरची तारीख त्याच्यापुढे ठेवा. कोणतं कापड, कोणता नंबर, नवी सुई घातल्यावर किती काम नीट झालं, हे सांगा. आणि सर्व्हिसिंग झाल्यावर त्याने नवी सुई बसवायच्या आधी तुमची तपासणीची सुई बसवून त्याच कापडावर टीप मारून बघायला सांगा.